शेगडीशेजारचा डबा

थोरली बहीण रोसेंदा वारल्यावर घरातली सगळ्यात असह्य वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा, हे एव्हारिस्तोने कुणाला सांगितलं असतं तर लोक त्याच्याकडे बघतच राहिले असते. तिचे कपडे ओतिलिया मावशीने गाठोडं बांधून नेले होते, पलंग भिंतीला उभा केला होता, फोटोपुढे मेणबत्ती जळत होती. या सगळ्याला त्याने कसंबसं तोंड दिलं. पण शेगडी आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद जागेत बसवलेला तो निळा डबा तिने स्वतः निवडून आणला होता. पायाने दाबला की उघडायचा, पण झाकण मात्र कधी धड बसायचं नाही, म्हणून दर वेळी ती वरून दोन बोटांनी टक, टक करायची. शेवटी तापात शुद्ध हरपली तेव्हाही तिची ती दोन बोटं चादरीवर तशीच हलत होती, आणि ती काय बंद करू बघते आहे हे त्या खोलीत फक्त त्याला कळलं होतं.

नऊ रात्री जपमाळ झाली. फरशीवर जिथे तिला ठेवलं होतं तिथे चुन्याचा क्रूस काढलेला होता. नवव्या रात्रीनंतर पहाटे मावशीने तो छोट्या केरसुणीने, आधी डोक्याकडून, मग हातांकडून, असा हळूहळू उचलला आणि चुना पावाच्या कागदी पिशवीत भरला. तो थडग्याच्या उशाशी नेऊन ओतला की माणसाची सावली घरातून उठते. तोवर ती उंबऱ्याच्या आतच असते. आईने पिशवीचं तोंड दुमडून त्याला आपल्या केसांतला आकडा लावला, आणि खाली सगळीकडे माणसांचे पाय आणि सुकलेली फुलं होती म्हणून पिशवी त्या डब्याच्या झाकणावर ठेवली.

"तू ने," ती एव्हारिस्तोला म्हणाली. "तिने तुला कडेवर वाढवलंय. आणि रडायचं ते तिथेच रडून घे, घरी आणू नकोस."

तेवढ्यात गल्लीत घंटा वाजली. कचऱ्याच्या गाडीपुढे घंटा हलवत माणूस चालला की सगळी वस्ती बादल्या घेऊन धावत सुटते. गाडी कुणासाठी थांबत नाही. लहानपणी रोसेंदा एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात त्याचा हात धरून त्याला फरफटत न्यायची, आणि तो पडू नये म्हणून अधूनमधून त्याच्या तळव्यावर बोटांनी थापटायची. घंटा ऐकली आणि त्याच्या डोक्यात काहीतरी फुटलं. त्याने तो अख्खा डबा छातीशी कवटाळला, धावत गेला आणि गाडीत भिरकावला.

"डबा पण?" गाडीवरच्या माणसाने विचारलं.

"डबा पण."

गाडीचा लोखंडी जबडा खाली आला. मग त्याला आपल्या सदऱ्याला लागलेला चुना दिसला आणि पिशवी आठवली. तो गाडीमागे शिवी देत, हाका मारत उतारापर्यंत धावला. गाडी थांबली नाही.

संध्याकाळी आईने विचारलं, "ठेवलंस ना तिच्या उशाशी?"

"ठेवलं."

"शांत झाली बिचारी," आई म्हणाली, आणि किती दिवसांनी पहिल्यांदा भिंतीला टेकून झोपी गेली. तिचा तो सुटलेला चेहरा बघितल्यावर खरं सांगायची त्याची छाती झाली नाही. तो शाळेत चौथीपुढे गेला नव्हता, सायकलगाडीवरून पाण्याच्या बाटल्या पोचवायचा, आणि या विषयात कुणाला काय विचारायचं हेही त्याला ठाऊक नव्हतं. नुसता दुसरा चुना नेऊन ओतला तर चालेल का? त्या चुन्यावर तर ती कधी निजली नव्हती.

मग ते सुरू झालं. आई शेगडीपाशी उभी असताना सवयीने तिचा पाय त्या रिकाम्या जागेत पडायचा, हातातली सालं खाली फरशीवर पडायची, ती स्वतःशीच हसायची आणि वाकून उचलायची. आणि तेवढ्यात, जिथे काहीच नव्हतं तिथून, टक, टक. आईच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. एव्हारिस्तो बाहेर निघून जायचा आणि सायकलगाडीच्या चाकात हवा भरत बसायचा.

"नवा डबा आण रे," बुधवारी आई म्हणाली. "घरात वास भरलाय. आणि नीट बघून आण. दिसला की उचलला असं करू नकोस."

बुधवारच्या बाजारात मेल्चोरकाका पुएब्लाहून टेम्पो भरून प्लास्टिक आणायचे. एका बुधवारपुरते येणार आणि जाणार, वस्तीत कोण जन्मलं, कोण गेलं याचा त्यांना पत्ता नसायचा. एव्हारिस्तोने ढिगातला समोरचा लाल डबा उचलला.

"ठेव तो खाली," काका म्हणाले. "त्याचा खटका तुझ्या एका लाथेत जाईल. मग पुढच्या बुधवारी माझ्या नावाने शंख करशील."

"लाथ मारायला मी काय गाढव आहे?"

"ते तुझ्या बहिणीला विचार. तुझा डबा तिने वेगळा काढून ठेवलाय."

एव्हारिस्तोच्या हातात लाल डबा तसाच राहिला. "कुणी?"

"अरे, तुझ्या बहिणीने. बहिणी किती आहेत तुला? सकाळी मी ताडपत्री बांधत होतो तेव्हा आली. म्हणाली, माझा भाऊ येईल, येईल आणि लाल उचलेल, त्याला तो देऊ नका." काकांनी टेम्पोखालून सुतळीने बांधलेला हिरवा, उभट डबा ओढून काढला. "वितीने मापून घेतला तिने. शेगडी आणि भिंत यांच्यामध्ये बसला पाहिजे म्हणाली. हा बघ हात कसा उमटलाय."

झाकणावर पांढऱ्या पंजाचा ठसा होता.

"मी म्हटलं, पोरी, मका चुन्यात उकडत ठेवून आलीस की काय, मनगटापर्यंत चुना आहे. नुसती हसली. बारीक झालीये रे, लक्ष द्या जरा तिच्याकडे. आणि आत काहीतरी ठेवलंय तिने. मी उघडलेलं नाही, नंतर माझ्यावर आळ नको."

काही बोलायला गेलो तर ती तिथून, या माणसाच्या आठवणीतूनसुद्धा, पुसली जाईल असं एव्हारिस्तोला वाटलं. त्याने पैसे दिले. "अजून काय म्हणाली?" एवढंच विचारलं.

काकांनी आठवून पाहिलं. "काही नाही. हां, जाताना म्हणाली, त्याला रागावू नका, तो घाईत असतो."

चर्चच्या मागच्या भिंतीआड त्याने सुतळी दातांनी तोडली. तळाशी पावाची कागदी पिशवी होती, तोंड दुमडलेली, आईच्या केसांतला आकडा लावलेली. कुठे चुरगळलेली नाही, कुठे डाग नाही. त्याने आकडा बोटाने चाचपून पाहिला. मग डबा खांद्यावर टाकून थेट दफनभूमीकडे चालू लागला, कारण घरी गेलो तर आपण ही पिशवी कुठेतरी लपवून ठेवू आणि कधीच बाहेर काढणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

थडग्यावरची माती अजून बसली नव्हती. झेंडूची फुलं काळी पडली होती. त्याने आकडा काढला आणि उशाशी हळूहळू चुना ओतला, आधी उभी रेघ, मग आडवी. रेघा सरळ आल्या. पिशवी हलकी होत गेली तसं त्याच्या छातीतलंही काहीतरी हलकं होत गेलं, आणि ते त्याला सहन होईना. "जा, ताई," तो म्हणाला. "जा आता. आई झोपते रात्रीची. मीपण झोपेन." पिशवीच्या कोपऱ्यात थोडासा चुना उरला होता. आडव्या रेघेचं डावं टोक तेवढं अपुरं होतं. त्याने तो चुना मुठीत घेतला, रेघेवर मूठ धरली, आणि ती उघडलीच नाही. कुणी बघतंय का हे त्याने वळून पाहिलं. मग ती मूठ त्याने तशीच पँटच्या उजव्या खिशात घातली आणि मागे न बघता फाटकाबाहेर पडला.

घरात चुन्यात उकडलेल्या मक्याचा वास भरला होता. रोसेंदा आजारी पडल्यापासून आईने मका शिजवला नव्हता; आज ती पीठ मळत होती, आणि हात मनगटापर्यंत पांढरे होते. त्याने डबा डाव्या हाताने जागेवर सरकवला. तो असा बसला की जणू भिंत त्याच्यासाठीच बांधली असावी.

"अगदी मापाचा," आई म्हणाली. "तू निवडलास?"

"हो."

"थापा मारू नकोस. तू लाल आणला असतास."

त्याने रिकामी पिशवी आत टाकली आणि पाय उचलला. झाकण आपोआप, नीट, घट्ट बसलं. तो कान देऊन उभा राहिला. काहीच आवाज आला नाही. स्वयंपाकघर नुसतं स्वयंपाकघर होतं, शेगडी, तवा, खिडकीतलं ऊन.

"बस," आईने पहिली भाकरी त्याच्या ताटात टाकली. "हात काढ खिशातून. गरम आहे तोवर खा."

तो बसला. खिशात चुना तिथेच राहावा म्हणून त्याने मूठ हळूच सैल केली आणि हात बाहेर काढायला गेला. त्याच्या उघड्या तळव्यावर दोन बोटं आली. टक, टक.

आई त्याच्याकडे पाठ करून दुसरी भाकरी थापत होती. एव्हारिस्तोने डावा हात पुढे केला, भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवायला लागला. उजवा हात त्याने खिशातच राहू दिला, आणि पुन्हा हळूहळू मिटून घेतला.