मला सोडून चालू लागलेली माणसं

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कठडा आहे. कठडा म्हटलं की तुम्हाला जिना आठवेल, पण मी जिन्याचा नाही. इस्पितळाच्या तळमजल्यावर व्यायामाची एक खोली आहे. तिथे कमरेइतक्या उंचीवर माझे दोन लांब दांडे समोरासमोर बसवले होते. आजारपणात ज्यांचे पाय चालणं विसरले, ती माणसं त्या दांड्यांच्या मधून पुन्हा चालायला शिकली. या कामाचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

मला घडवणारे सुतारकाका बोलायला तुसडे, पण हाताने हळवे. रंधा मारून झाला, घासून झालं, तरी त्यांचं समाधान होईना. डोळे मिटून ते माझ्यावरून तळहात फिरवत राहायचे. "याला धरणारा आधीच दुखावलेला असणार," ते म्हणायचे. "वर आपल्या लाकडाचं कुसळ नको त्याच्या हातात जायला."

पुढे किती तळहात आले! घामेजलेले, थंडगार, थरथरणारे. कुणी मला धरून रडलं, कुणी मला शिव्या घातल्या. शिव्यांचं मला काही वाटत नाही. चिडलेला माणूस उशिरा का होईना, पण चालतो. काळजी वाटते ती गप्प बसणाऱ्याची.

बेकरीवाले काका असेच गप्प होते. लकव्याने त्यांची डावी बाजू लुळी पडली होती आणि आवाज पार खोल गेला होता. काकू त्यांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन यायच्या. त्यांचं तोंड पुसायचं, बटणं लावायची, पाणी पाजायचं, सगळं काकूच करायच्या. काका उजवा हात जरा पुढे करायचे, तोवर काकूंचा हात पोचलेला असायचा. "तुम्ही बसा हो, मी आहे ना!"

व्यायाम शिकवणाऱ्या ताई म्हणायच्या, "काका, आज उभं राहून तर बघा."

"कशाला?" काका म्हणायचे. "सगळं हातात मिळतंय."

एका सकाळी ताई शेजारच्या खोलीत दुसऱ्या पेशंटला बघत होत्या. काकांच्या पायात बूट चढवायला काकू वाकल्या आणि त्यांच्या पाठीत उसण भरली. "आई गं!" म्हणत त्या जमिनीवरच कलंडल्या. उठता येईना, नीट श्वास घेता येईना. चेहरा पांढराफटक पडला.

"ताई!" काकांनी हाक मारली. पण तो आवाज दारापर्यंतसुद्धा पोचला नाही. बोलवायची घंटा होती समोरच्या भिंतीवर, माझ्या पलीकडच्या टोकाला.

काकांनी उजव्या हाताने मला धरलं. असं धरलं, की मी जमिनीत रोवलेला होतो म्हणून बरं! ते उठले. एक पाय टाकला, दुसरा फरफटत ओढला. त्यांची बोटं माझ्यावरून पुढे सरकत होती. मी संपलो, आणि भिंत अजून दोन पावलं लांब होती. तिथे धरायला काहीच नव्हतं.

त्यांनी एकदा मागे, काकूंकडे पाहिलं. आणि मला सोडलं.

घंटा वाजली. ताई धावत आल्या आणि दारातच थबकल्या. "काका! तुम्ही इथे कसे?"

"ते राहू दे," भिंतीला टेकून काका म्हणाले. "आधी हिला बघ."

काकूंना पलंगावर झोपवून ताईंनी विचारलं, "पाठ कधीपासून दुखतेय?"

"रोजचंच आहे गं ते."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही."

काकांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनी शर्टाची बटणं स्वतः लावली. एक वर-खाली झालं होतं. ते सरळ करायला काकूंचा हात पुढे गेला, पण त्यांनी तो आवरला.

पुढे नवा स्टीलचा, हवा तसा खालीवर होणारा कठडा आला. मला बाहेरच्या व्हरांड्यात आणून बसवलं. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले, छत्र्या लटकू लागल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण एके दिवशी काकू तिथे आल्या. टॉवेल बाजूला सारून, मला धरून त्या पाठीचे व्यायाम करू लागल्या. काका काठी टेकत बाकावर जाऊन बसले. "सावकाश कर," ते म्हणाले. "मला घाई नाही." तेव्हापासून तो व्हरांडा मला खोलीपेक्षा कमी वाटत नाही.

मित्रांनो, घरात कुणी आजारी असेल, तर जरूर आधार द्या. पण त्याला जे जमतं, ते त्याच्या हातून काढून घेऊ नका. आणि जो दिवसभर त्याच्यासाठी राबतो, त्यालाही जवळ बसवून विचारा, "तुझी तब्येत कशी आहे?" तो "ठीक आहे" म्हणेल. तेवढ्यावर उठू नका. पुन्हा विचारा.