पडद्यावरची शाबासकी

"माझं थांबणं कुठं गेलं?" दर्शनानं विचारलं.

नेव्हिलनं हेडफोन कानावरून खाली ओढला. "काय, मॅडम?"

"मी प्रश्न विचारते, मग थांबते. पोरं विचार करतात. ते कुठंय?"

"ते कापलं. तुम्ही नुसत्या उभ्या राहता ना, बघणाऱ्याला वाटेल नेट गेलं." कॉलेजचे व्हिडिओ बनवणारा हा पोरगा स्वतःच्या विनोदावर हसला. "पोरांची उत्तरंपण उडवली, माइकमध्ये येतच नव्हती. प्रश्नानंतर दोन सेकंद ठेवलीत, बस. वरून ऑर्डर आहे, लेक्चर छोटं पाहिजे."

"मग माझी बडबड काप. ते थांबणं म्हणजेच शिकवणं आहे रे."

"मला काय सांगता? मॅडमना सांगा."

मॅडम म्हणजे प्राचार्य शर्मिष्ठा मॅडम. त्यांना सांगून झालं होतं. मालाडच्या त्या कॉलेजात दर्शना खिल्लारे वर्षानुवर्षं तासांवर अर्थशास्त्र शिकवत होती. तासांवर म्हणजे शिकवाल तेवढेच पैसे. सुट्टी लागली की तुमची चूल तुम्ही बघा. लॉकडाऊनमध्ये कायम नोकरीवाले 'आम्हाला हे जमत नाही' म्हणून हात वर करून बसले, तेव्हा आरे कॉलनीतल्या खोलीत, डब्यांच्या फळीला मोबाईल टेकवून हिनंच पोरांना शिकवलं. कॉलेजनं ते बघितलं आणि भलताच धडा घेतला. तिचे सगळे तास रेकॉर्ड करून झाले होते. पुढच्या सत्रापासून वर्गात तेच लावायचे होते.

"शिकवणं तुमचंच तर राहणार आहे, दर्शना," शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या होत्या. शिकवणं राहणार, बाई जाणार. घरफोड्या निदान गोड बोलत नाही.

शनिवारी विश्वस्तांसमोर पहिला प्रयोग झाला. दर्शनाला शेवटच्या बाकावर बसवलं, हजेरी घ्यायला. समोरच्या मोठ्या पडद्यावर तीच उभी होती, उजळ करून ठेवलेली. पोरं गप्प, विश्वस्त खूश.

"बोंबलाचा भाव निम्म्यावर आणला, तर विक्री दुप्पट होईल?" पडद्यावरच्या दर्शनानं विचारलं. "कोण सांगेल?"

पहिल्या बाकावरचा कार्ल सवयीनं बोलून गेला, "होणारच ना, मिस. दुप्पट."

"बरोबर. शाब्बास," पडदा म्हणाला.

वर्गात खसखस पिकली. "कार्ल, मशीननं पास केला तुला," मागून कुणीतरी म्हणालं.

व्हॅलेन्सिया उठली. वर्सोव्याची पोरगी, आई तिथल्या बाजारात मासळी विकते. "मिस, हे चूक आहे. संध्याकाळी आई भाव पाडते तर गिऱ्हाईक पुढं निघून जातं. म्हणतं, शिळा असणार."

"आता पुढचा मुद्दा," पडदा म्हणाला.

व्हॅलेन्सिया मागे वळली. तिच्याबरोबर अख्खा वर्ग वळला, शेवटच्या बाकाकडे.

दर्शना उठली, पुढं गेली आणि तिनं व्हिडिओ थांबवला.

"दर्शना, नंतर," शर्मिष्ठा मॅडम कुजबुजल्या.

"नंतर मी नसणार, मॅडम." ती कुजबुजली नाही.

शर्मिष्ठा मॅडमनी नेव्हिलकडे बघितलं. नेव्हिल एकाएकी कुठल्याशा वायरीत गुंतला.

"कार्ल, शाब्बास मीच म्हटलंय, पण तुला नाही. ज्याला म्हटलं त्याचं उत्तर कापलंय."

"मग माझी वाट लागली, मिस?"

"लागली. कशी लागली ते व्हॅलेन्सियाला विचार. भांड तिच्याशी. काढा मोबाईल सगळ्यांनी." आपापल्या बाजारातले सकाळ-संध्याकाळचे भाव आणि विक्री आठवडाभर वर्गाच्या ग्रुपवर टाकायला तिनंच लावलं होतं.

विश्वस्तांतले जयवंतराव खाकरले. "मॅडम, मग ह्या व्हिडिओचा उपयोग काय?"

"खूप आहे, सर. घरी बघू दे, नाही कळलं तर परत बघू दे. कामाला जाणाऱ्या पोराला बसमध्ये ऐकू दे. मी बनवलाय, मला त्याची लाज नाही. पण वर्गात जो प्रश्न विचारेल त्यानं उत्तर ऐकायला थांबायचं असतं. त्याला माणूस लागतं. आणि माणसाला पगार."

"हे आपण केबिनमध्ये बोलू," शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या.

"बोलू. तास संपला की येते."

ती वर्गाकडे वळली. "संध्याकाळी भाव पाडून फायदा कुणाला? आणि कधी?"

आणि थांबली. पंखा तेवढा फिरत होता. शर्मिष्ठा मॅडमची चुळबुळ चालली होती. दर्शनाला घाई नव्हती.

"मॅडम," एक पोरगी मोबाईलवरून मान वर काढत म्हणाली, "आमच्या मुलुंडला उलटं झालंय. भाव पाडल्यावर बोंबील संध्याकाळीच संपले."

"काहीतरीच," व्हॅलेन्सिया म्हणाली. "दाखव."

बाकं सरकली. कार्ल बाकावरूनच मागं वाकला. जयवंतराव चष्मा लावून शेजारच्या पोराच्या मोबाईलमध्ये डोकावले.

दर्शनाच्या पाठीमागे दुसरी दर्शना तोंड अर्धं उघडं ठेवून, बोट वर करून थांबली होती. बराच वेळ कुणी हात लावला नाही तसा पडदा आपोआप काळा झाला. कुणाच्या लक्षात आलं नाही.