सुटका

“बाबा, त्यांनी मला काढलं.”

डेल्मर होलुब तेव्हा शाळेच्या बसखाली उताणा पडून ब्रेकची नळी बदलत होता. फोन छातीवर, स्पीकर चालू. पलीकडून मुलगा बोलत होता, कोल्बी, वय तेवीस, आयोवातल्या एका धाकट्या लीगच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. निदान मघापर्यंत होता.

“कधी?”

“आत्ताच. मॅनेजरनं आत बोलावलं. चार मिनिटांत आटपलं. गणवेश परत द्यायचा, ग्लोव्ह आपला.”

“अरेरे,” डेल्मर म्हणाला. आता बापानं अशा वेळी आणखी काय म्हणायचं? “अरेरे रे. उद्या सकाळी येतो न्यायला.”

फोन ठेवला आणि गडी बसखालून सरपटत बाहेर आला, तो चक्क हसायलाच लागला. ग्रीसनं बरबटलेल्या हातांनी तोंड दाबलं तरी हसू आवरेना. शेजारच्या बसवर काम करणारा लेन म्हणाला, “काय हो, लॉटरी लागली की काय?” तेव्हा कुठे डेल्मर भानावर आला आणि शरमेनं त्याचे कान तापले. पोराचं नशीब फुटलं आणि बाप हसतोय!

पण त्याचं तरी काय चुकलं? अठराव्या वर्षी कोल्बी ताशी सत्त्याण्णव मैलांच्या वेगानं चेंडू फेकायचा. मोठ्या क्लबची माणसं घरी येऊन त्याच्या आईच्या, जोलीनच्या हातचे कोलाचे, ते फळं भरलेले गोड पाव, खाऊन गेली होती, अख्ख्या गावानं त्याच्या नावाचा फलक लावला होता. पहिली तीन वर्षं बरी गेली. मग काय बिनसलं देव जाणे, चेंडू ऐकेनासा झाला. चार चेंडू बाहेर, फलंदाज फुकटात पहिल्या तळावर; पुन्हा चार बाहेर, पुन्हा एक. गेल्या वर्षी एका पोराच्या गालफडावर चेंडू बसला. डेल्मर प्रत्येक सामन्याचं समालोचन गॅरेजमध्ये एकटा बसून ऐकायचा. निवेदक “बॉल” म्हणाला, म्हणजे चेंडू बाहेर गेला, की हा आवाज कमी करायचा. जोलीन तर तेवढा वेळ परसात टोमॅटोंना पाणी घालत राहायची. टोमॅटो कुजले दोन वर्षं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता कोल्बी मैदानाच्या फाटकाशी दोन बॅगा घेऊन उभा होता. आतून सहकाऱ्यांचे आवाज येत होते, पण निरोप द्यायला कुणी बाहेर आलं नव्हतं. काढलेल्या माणसाची हवा लागते म्हणतात तिथं. बापलेकांनी एकमेकांकडे धड पाहिलं नाही. शंभर मैल दोघेही सुतकात असल्यासारखे बसले.

रस्त्यावरच्या एका खाणावळीत अंडी मागवली, तोच कोल्बीचा फोन वाजला. तो “हो सर, हो सर” करत राहिला.

“कोण रे?”

“टेक्सासमधली एक टीम. छोटीच आहे. त्यांच्या पिचरचा खांदा गेलाय. मंगळवारी ये म्हणतात. अर्ध्या तासात कळवायचंय.”

डेल्मरनं काटा खाली ठेवला. पुन्हा ते गॅरेज, पुन्हा तो निवेदक. “मग?” त्यानं विचारलं.

“मग काय, जातो.” कोल्बीनं काट्यानं अंडं चिवडलं. चेहरा असा, की दाढ काढायला निघालाय. “काळजी करू नकोस बाबा. एवढं केलंस माझ्यासाठी. तुला गावात तोंडघशी पाडणार नाही मी.”

डेल्मर बघतच राहिला. म्हणजे हे पोर अजून आपल्यासाठी फेकतंय? बोलावं तर त्याला वाटायचं, बापाचा भरवसा उडाला. गप्प राहावं तर मंगळवारी हा टेक्सासात.

“कोल्बी,” तो म्हणाला, “काल तुझा फोन ठेवला ना, तेव्हा मी हसलो.”

“काय?”

“हसलो. मोठमोठ्यानं. लेननं ऐकलं, विचार त्याला. असला बाप आहे मी.” त्यानं बशी बाजूला सारली. “मला आता ऐकवत नाही रे. तुला खेळायचं असेल तर खेळ, मी टेक्सासलासुद्धा सोडायला येईन. पण माझ्यासाठी एक चेंडूही टाकू नकोस. फार वाईट वाटतं मला.”

कोल्बीनं मान खाली घातली. खांदे हलायला लागले. डेल्मर घाबरला, नको ते बोलून बसलो, असं त्याला झालं. पण पोरानं मान वर केली ती डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू घेऊन.

“बाबा, मी मॅनेजरला थँक्यू म्हटलं. दोनदा! तो बिचारा मी रडेन म्हणून कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवून बसला होता.”

“मग?”

“त्यानंच एक घेतला.”

दोघं इतके हसले की वाढपीण कॉफीचं भांडं घेऊन तिथंच थबकली. हसू ओसरल्यावर कोल्बी हळूच म्हणाला, “आवडायचं मात्र मला. चेंडू नीट जायचा तेव्हा.”

“माहितीये,” डेल्मर म्हणाला. “मी बघितलंय ना.”

कोल्बीनं बाहेर जाऊन फोन केला. काचेतून दिसत होतं: दोन वाक्यं बोलला, फोन खिशात टाकला आणि पार्किंगमध्ये उगाच उभा राहिला. मग आत येऊन त्यानं दोघांसाठी अ‍ॅपल-पाय मागवला.

घरच्या नेब्रास्का राज्याची हद्द लागायच्या आधीच त्याचा डोळा लागला. गोळीशिवाय झोप म्हणजे काय हे पोर दोन वर्षं विसरलं होतं. तोंड उघडं, उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. डेल्मरनं रेडिओ बंद केला.

पाच वाजता गाडी घरापाशी आली. जोलीन पायऱ्यांवर उभीच होती. इंजिन थांबलं की हा जागा होणार. डेल्मरनं तिला ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि गाडी तशीच पुढे नेली. मक्याच्या शेतांना चार मैलांचा चौकोनी वळसा घालून तो परत आला, तेव्हाही पोर घोरतच होतं. जोलीननं वाकून काचेतून पाहिलं आणि पुढे जा म्हणून हात केला. मग ती ताटं झाकून ठेवायला आत गेली.