मापाऱ्याचं वजन

पट्टी कधीच वाळली होती. अंगणातल्या तारेवर लोंबणारी ती लांब पांढरी पट्टी — लढतीआधी मुठीवर घट्ट गुंडाळायची, मनगटापासून बोटांच्या खाचांपर्यंत — वाऱ्यानं मध्येच उचलली जात होती, पुन्हा सरळ होत होती, आणि रूपराव ओसरीवर बसून तिच्याकडे बघत होता, कारण घरातल्या कोणाच्या तोंडाकडे बघण्याची त्याची तयारी नव्हती. धुवायची गरजच काय होती तिला? नागपूरला नेली तशी परत आणलेली. पिशवीतून बाहेरसुद्धा निघाली नव्हती. पण नवरा लढून आला म्हणजे पट्टी धुवायची, हे सुमित्राचं ठरलेलं. तिनं पिशवी उघडली आणि धुतली.

"यंदा घामाचा वासच नाई आला पट्टीले," तारेवर टाकताना ती म्हणाली होती.

"हातमोज्यात जिरते घाम."

पट्टीचं टोक सरळ करून ती आत गेली. थांबली असती, खोदून विचारलं असतं, तर कदाचित सुटका झाली असती... पण सुमित्रा खोदून विचारणाऱ्यांपैकी नव्हती, आणि नेमका आजच त्याला तिच्या या गुणाचा राग आला.

दोन वर्षं. दोन वर्षांपूर्वीची शेवटची लढत तो जिंकला होता, आणि तेव्हा वर्ध्याच्या गुलाब उस्तादांनी — फौजेतून निवृत्त झालेला, त्याला बॉक्सिंग शिकवणारा तो करडा माणूस — एवढंच सांगितलं होतं, "निरोप येईन तवा येईन. तू तयार राहजो." लढणारा लढतो किती, तर काही मिनिटं, बाकीचं सगळं आयुष्य म्हणजे तयार राहणं, हे लोकांना कळत नाही. हिंगणीत उजाडायच्या आत बोर धरणाच्या भिंतीवरून पळणारा माणूस म्हणून सगळे त्याला ओळखत, हसत, मग हसायचेही कंटाळले. तो पळत राहिला. तुरीच्या तासांमधून हवेत ठोसे मारत राहिला. तंबाखू नाही, साखर नाही, कोणाच्या लग्नात पंगतीला बसणं नाही. साठ किलो — त्याच्या गटाची हद्द. त्या हद्दीच्या आत त्यानं स्वतःला दोन वर्षं कोंडून ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या कोंडवाड्यात त्याला सुख होतं. जगात काही का होईना, हे एक आपल्या हातात आहे, असं वाटायचं.

आणि निरोप आला. राज्याच्या संघाची निवड, नागपूरला. निवडलेल्यांना रेल्वेत नोकरी. "याच्यानंतर तुयं वय नाई," उस्तादांनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणजे ही एकच लढत. हिच्यासाठीच तर सगळं.

काल तो तिथं लंगोटावर वजनाच्या काट्यावर चढला आणि काटा साडेबासष्टवर जाऊन थांबला.

तो हसला होता! आता ते हसू आठवलं की कानाच्या पाळ्या तापत. "साहेब, काटा मारते तुमचा," तो म्हणाला होता, जाणत्या माणसाच्या ऐटीत — सेलूच्या अडतीवर इतकी वर्षं मापारी आहे मी, काट्याचं मला सांगू नका. वजन घेणाऱ्या साहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी शिक्क्याची लोखंडी वजनं मागवली, एकेक करून फळीवर ठेवली. काटा सरळ होता. मग घोंगडी पांघरून मैदानाला फेऱ्या, घाम, जीभ टाळूला चिकटली, आणि उतरलं ते किती, तर अर्धा किलो. जास्तीचं उतरायला अंगावर काही नव्हतंच. होतं ते सगळं हाड आणि मेहनत. दुपारी त्याचं नाव खोडलं गेलं. ज्या पोराशी त्याची लढत होती तो पोरगा न लढता पुढं गेला, आणि जाताना त्यानं वाकून रूपरावला नमस्कारही केला.

परतीच्या एसटीत, केळझरच्या आसपास कुठंतरी, त्याला समजलं.

समजायला काही अवघड नव्हतं. अडतीवरच्या काट्याला लटकवायची जी वजनं, त्यांच्या पोटात शेठनं शिसं ओतून घेतलं होतं. पोतं फळीवर उभं केलं की त्या जड वजनांपुढं ते हलकं भरायचं, क्विंटलमागं चारेक किलो गायब. हे शेठला ठाऊक, हमालांना ठाऊक, रूपरावला तर ठाऊकच, कारण वजन लटकवणारा हात त्याचा. त्याच फळीवर तो दर आठवड्याला, दुकान झाडून झालं की, स्वतः उभा राहायचा. साठ. बरोबर साठ. जिल्ह्याच्या लढतींत हा आकडा नुसता तोंडी सांगितला तरी चालायचा. कास्तकारांची तूर आणि ज्वारी खाणारा काटा आपल्यालाही खाईल, हे इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नाही... का आलं नाही? तो काटा बाहेरच्यांसाठी होता, आणि आपण तर घरचे! नत्थूजीची, जन्मदात्या बापाची तूर त्यानं त्याच वजनांनी मापली होती आणि मान खाली घालून आकडा सांगितला होता. दैव देतं नि कर्म नेतं, असं म्हातारी माणसं म्हणत. त्याचं कर्म तर त्याच्याच हातानं लटकवलेलं होतं. चिडायचं कोणावर? आपलेच दात नि आपलेच ओठ.

पण सगळ्यात जास्त लागली ती दुसरीच गोष्ट. वर्षातून एकदा मापाचा साहेब शिक्के मारायला यायचा, तेव्हा शेठ चांगली वजनं बाहेर काढायचा, आणि तो आठवडा रूपराव एकाएकी जड भरायचा. किती घाबरला होता तो! आपल्या हातून ढिलाई झाली, जीभ चोरटी झाली, असं समजून त्यानं नुसत्या ताकावर दिवस काढले होते, धरणाची भिंत दुप्पट पळाला होता. आणि साहेब गेल्यावर पुन्हा फळीवर चढला तर — साठ! केवढा अभिमान वाटला होता तेव्हा. त्या अभिमानावर तो वर्षभर जगला होता. तो अभिमान म्हणजे शेठनं वजनं बदलली, एवढंच.

त्याच आठवड्यात मागच्या साली पोळा आला होता. आनंदाबाई, त्याची माय, तेव्हा खाटेला लागली होती, तरी चुलीपाशी सरकून तिनं एक पुरणपोळी स्वतःच्या हातानं लाटली. "रूपा, एक घास. माह्या हातचा." "पुढच्या पोयाले खाईन, माय." ती हसली, पोळी तिनं सुमित्राच्या ताटात टाकली. पुढचा पोळा उद्यावर आला होता आणि माय थंडीतच गेली... साठ किलोंसाठी, जे साठ नव्हतेच. त्यानं डोळे मिटून घेतले. रडू येत नव्हतं.

"रूपा, इकडं ये रे," गोठ्यातून नत्थूजीची हाक आली.

जावंच लागलं. सांज होत होती. पोळ्याच्या आदल्या सांजेची खांदेमळणी. म्हाताऱ्यानं वाटीत तूप आणि हळद कालवून घेतली होती आणि बैलाच्या मानेशी, जू घासून घासून कातडं जाड झालेल्या जागी, तो तळव्यानं हळूहळू चोळत होता. रूपराव दुसऱ्या बाजूला उभा राहिला. म्हाताऱ्यानं बैलाच्या कानाशी तोंड नेऊन दरवर्षीचं बोलणं म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग हात न थांबवता, रूपरावकडे न बघता, त्यानं विचारलं.

"काय झालं नागपूरले?"

आता. आता सांगून टाकावं — बाबा, मी लढलोच नाही, मला फळीवरूनच उतरवलं, आणि का उतरवलं ते तुमच्या तुरीला विचारा. ओठ उघडले.

"हारलो."

नत्थूजीचा हात क्षणभर थांबला. "लय मारलं काय त्यानं?"

"...लय."

"मारन ना. तो का उभा राह्यला असन गप?" म्हाताऱ्याचा आवाज मऊ झाला होता, इतका मऊ रूपरावनं मायच्या तेरवीलाही ऐकला नव्हता. "लढून हारलास. गावात इचारलं कोनी तं मान वर करून सांगजो." आणि वाटीतलं उरलेलं तूप तळव्यावर घेऊन त्यानं ते रूपरावच्या खांद्यावर टेकवलं, चोळू लागला, खरखरीत बोटांनी, मानेपासून दंडापर्यंत, जिथं जिथं मार बसला असेल असं त्याला वाटत होतं तिथं तिथं.

रूपरावनं अंग आखडलं नाही. त्याला हेवा वाटत होता — बापाच्या मनातल्या त्या रूपरावचा, जो दोरांच्या आत शिरला होता, ज्यानं घंटा ऐकली होती, ज्याच्या जबड्यावर नमस्कार करणाऱ्या त्या पोराचा उजवा ठोसा बसला होता आणि जो गुडघ्यांवर आला, उठला, पुन्हा पडला. किती सुखी असेल तो माणूस. म्हाताऱ्याचा हात फिरत होता, हळदीचा वास येत होता, आणि त्याच्या नकळत रूपरावची हनुवटी खाली गेली, कोपर बरगड्यांशी आले, श्वास रोखला गेला; सगळं अंग, दोन वर्षं जपलेलं, तो एक ठोसा घ्यायला तयार होऊन उभं राहिलं, आणि तो कधी बसतो याची वाट बघत राहिलं.