न रडणारं बाळ

१९४४ साली अनसिंगच्या मळेवाल्या गिरजाबाईंना नातू झाला. आठ दिवसांचं पोर, पण रडतच नव्हतं. "आमच्या घरी साधू जन्मला!" असं त्या गावभर सांगत सुटल्या.

"मंग साधू दूध काहून पेत नाई?" सून पंचफुलानं विचारलं, अन् तापलेलं बाळ घेऊन ती वांग्यांच्या बैलगाडीतच वाशीमला डॉक्टरकडे निघाली.

"रक्तात विष भिनलंय, मेंदूलाही सूज आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी बाळाला तिथंच ठेवून घेऊन जंतू मारणारं सल्फाचं औषध सुरू केलं.

औषधाच्या अकराव्या दिवशी बाळानं असा टाहो फोडला, की दवाखान्यातला पाय मोडलेला म्हातारा ओरडला, "अवं बाई, त्याले गप कर ना!"

"नाई करत! तुमी कानात बोळे घाला," पंचफुला म्हणाली, अन् हसता हसता स्वतःच रडू लागली.