समोरच्या डोंगरावरच्या बाया

साठ सालच्या निवडणुकीत मुखियाने आम्हाला तिघातिघांच्या टोळीने मत द्यायला लावलं, तेही चिठ्ठी आधी त्याला दाखवून. पुढे याविरुद्ध शहरात मोर्चा घेऊन निघालेल्या पोरांवर गोळ्या झाडल्याची बातमी आली आणि गावाची दातखीळ बसली. उठल्या त्या फक्त माझ्या सासूबाई, बोंग-न्यो.

"चल गं, डोंगरावर जायचंय."

"या धुक्यात?"

"मी सतरा वर्षांची होते तेव्हाही धुकंच होतं."

तेव्हा आमच्या देशावर जपान्यांचं राज्य होतं. आमच्या गावच्या पोरी माथ्यावर चढून ओरडल्या होत्या, "जोसोन चिरायू होवो!" समोरच्या डोंगरावरच्या दाराकगोल गावातून बायांनी तसंच ओरडून उत्तर दिलं. सैनिकांनी दाराकगोल माणसांसकट जाळलं. तिथे आता नुसतं पाइनचं रान आहे.

शेजारची पिल-दान कुरकुरत आमच्याबरोबर निघाली. "म्हातारे, तुझं सगळं भोगून झालंय. माझी लेकरं लहान आहेत."

"म्हणून तर तू यायचंस."

माथ्यावरून आम्ही तिघी ओरडलो, "आमचं मत परत द्या!"

आवाज धुक्यात विरला. मग पलीकडून उत्तर आलं. पुष्कळ बाया, एका सुरात. "जोसोन चिरायू होवो!"

पिल-दानने माझा दंड घट्ट धरला. "प्रतिध्वनी असेल."

"आपण ते म्हटलंच नाही," मी म्हणाले. देशाचं ते जुनं नाव आता कुणाच्या तोंडी नव्हतं.

सासूबाईंनी पलीकडे तोंड करून जमिनीला कपाळ टेकलं. "तेव्हा हाक मारून आम्ही घरी गेलो. उत्तर देणाऱ्या जळाल्या. आज घरी जायचं नाही."

खाली आलो तर सगळं गाव दारात उभं. ते आवाज त्यांनीही ऐकले होते. जोडे चढवून माणसं आमच्यामागून कचेरीवर आली. मुखिया मागच्या दाराने पळाला. थोड्याच दिवसांत ती निवडणूकही रद्द झाली.

तेव्हापासून 'आपल्याला काय त्याचं' असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. शाळेच्या भिंतीत वाळूच जास्त घालणारा ठेकेदार असो नाहीतर लाचखाऊ फौजदार, माणसं आधी माथ्यावर जाऊन हाक देतात, कान देऊन थांबतात, मग कचेरी गाठतात.

सासूबाई गेल्या. सत्त्याऐंशी साली मताच्या हक्कासाठी शहरात पुन्हा मोर्चे निघाले, तेव्हा माझी धाकटी, कॉलेजातली, मैत्रिणींना घेऊन वर गेली. परतली ती पांढरीफटक.

"आई, त्या बायांत आजी होती."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, एवढंसं ओरडताय, जेवला नाहीत का?"

मी तिला भात वाढला. ती जेवली, आणि शहरातल्या मोर्चाला निघून गेली.