तीन नंबरची आठवण

"ताई, तुमचं हे यंत्र मला ओळखच देत नाही हो!" घड्याळं दुरुस्त करणारे काका वाचनालयातल्या दोन नंबरच्या संगणकापुढे कुरकुरले. "आधी नुसतं बसलं की माझी पत्रं उघडायची. आता रोज नाव सांगा, पासवर्ड सांगा. मी काय चोर आहे?"

"नाही हो काका. नवा ब्राउझर आहे. उठताना बंद केला की तो सगळं विसरतो."

"म्हणजे माझ्याच वयाचा झाला म्हणायचा!"

वाचनालयभर हसू पसरलं. ग्रंथपाल ताई मात्र पुस्तकांवर शिक्के मारत राहिल्या.

एकवीस वर्षं त्या या टेबलाशी बसत होत्या. कोणतं पुस्तक कोणी नेलं हे विचारायला सख्खा भाऊ आला, तरी त्यांनी नोंदवही उघडली नव्हती. "वाचणाऱ्याचं मन म्हणजे झाकलेलं भांडं," त्या म्हणायच्या. "झाकण उचलणारे आपण कोण?" पुढे खिडकीशी तीन संगणक आले. म्हाताऱ्यांना पुन्हा पुन्हा टाइप करायला नको, म्हणून 'लक्षात ठेवा' या चौकोनात ताईंनी स्वतःच्या हातानं खूण करून ठेवली. तिन्ही मशीनवर. मायेनं.

संगणक दुरुस्त करणारा आला तेव्हा म्हणाला होता, "बाई, हा ब्राउझर जुना झालाय. अपडेट येत नाहीत, आणि एकाचं सगळं दुसऱ्याला दाखवतो. सगळं विसरणारा नवा बसवून देऊ? अर्ध्या तासाचं काम."

"पुढच्या महिन्यात बघू. आमच्या माणसांच्या हाताला हाच बसलाय."

त्याच महिन्यात शिवणवाली दर मंगळवारी दुपारी तीन नंबरवर येऊन बसू लागली. गळ्यात मापाची फीत तशीच. पोटातलं ओठावर न आणणारी बाई, पण एकदा टेबलाशी वाकून हळूच म्हणाली, "दुसऱ्या गावी कापड बेतायची शाळा आहे, ताई. वर्षभराची. राहायची सोयपण बघतेय. जागा मिळाली की मगच घरी सांगीन. आधी सांगितलं तर मोडता घालतील." त्या दिवशी जाताना तिची चाल अशी होती, जणू पावलांना कुणी गाणं शिकवलंय.

मग एक दिवस तिचा नवरा आला. दुकानदार माणूस, स्वभावानं वाईट नव्हे. वजनकाट्याच्या तपासणीचा दाखला काढायचा होता. तीन नंबरच रिकामा होता. 'वजनकाटा' लिहायला त्यानं 'व' टाइप केला, आणि खाली यादी उलगडली. वसतिगृह, स्त्रियांसाठी. विद्यालय, प्रवेश अर्ज. त्यानं त्या अर्जावर क्लिक केलं. अर्धा भरलेला अर्ज बायकोच्या नावासकट उघडला; मशीनला तिचा पासवर्ड पाठ होता.

त्यानं तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. आवाज चढवला नाही.

"ताई, तुम्हाला ठाऊक होतं?"

ताईंनी हातातला शिक्का खाली ठेवला.

"दुकान मी बघीन हो. पण आईचं कोण करणार? मला विचारायचं तरी!" एवढं बोलून तो खुर्ची मागे सारून निघून गेला. दाखला तसाच राहिला. पुढचा मंगळवार रिकामा गेला, त्याच्या पुढचाही. अर्जाची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर ताईंच्या डोळ्यांदेखत मागे पडली.

त्यानंतर त्यांनी ब्राउझर निवडले, ते लेकीसाठी स्थळं पाहावीत तसे. एक देखणा, पण दारातच नावगाव विचारणारा. एक चपळ, पण जाहिरातवाल्यांच्या कानाला लागणारा. शेवटी एक साधासुधा निघाला: येईल त्याला बसू देणारा, उठला की मागे काही न ठेवणारा. चोर गेल्यावर कुलूप, तसं झालं.

आज दार वाजलं. गळ्यात फीत नव्हती, म्हणून आधी ओळखूच आली नाही.

"यांच्या काट्याचा दाखला राहिलाय, ताई. काढून घेते."

ती तीन नंबरवर बसली. ताई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"हा नवा आहे गं. काही लक्षात ठेवत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा..."

"सासूबाई आता अंथरुणाला खिळल्यात, ताई."

"माझं चुकलं. 'लक्षात ठेवा'ची ती खूण मीच केली होती."

शिवणवालीची बोटं थांबली. तिनं दाखला छापून घेतला. मग दाखल्याचा कागद घडी करत म्हणाली, "आता बंद केलं की पुसलं जाईल ना सगळं?"

"सगळं."

"बरं झालं. दुसऱ्या कुणाला होईल उपयोग."

तिनं खुर्ची नीट आत सरकवली आणि गेली.

काका अजून पासवर्ड आठवत पुटपुटत होते. ताई तीन नंबरपुढे बसल्या. एका बोटानं 'व' टाइप केला आणि थांबल्या. खाली काहीच उलगडलं नाही.